एका वेळी एकच औषध

धानोरा,
२० नोव्हेंबर १९५५

गुणाबाईंना कमळाचा नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र मिळालं. कमळा चूप काऊन आहे म्हणून तुम्ही विचारलंत. चूप नव्हते, लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे. मला चौथा महिना चालू आहे. सासूबाई कोणाला सांगू नको म्हणतात, कारण मागच्या दोन्ही वेळी सांगितलं आणि दोन्ही लेकरं गेली. पण तुम्ही त्यांच्याच लेक, त्यातून चांद्याला बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स, म्हणून तुम्हाला लिहायला त्यांनी हरकत घेतली नाही.

विचारायचं ते असं. पंधरा दिवसांपासून अंगावरून पांढरं जातं. पातळ नाही, फाटलेल्या दुधासारखं गाठी-गाठीचं. आणि खाज. चार बायकांत बसता येत नाही इतकी. सासूबाई म्हणतात, "पांढरं जाऊन राह्यलं म्हणजे अंगातलं सत्त जाऊन राह्यलं. मंग लेकरू कायच्यानं टिकंल? मागची दोन अशीच गेली." म्हणून त्यांनी उपाय सुरू केले आहेत. सकाळी पळसाचा डिंक दुधातून. दुपारी तुरटीच्या पाण्यात बसायचं. झोपताना लसणाची पाकळी फडक्यात गुंडाळून आत ठेवायची. आमच्याकडे पाण्याला येणारी सुकरी आहे, गोंडाची, ती कडुलिंबाचा पाला आणून उकळून देते. म्हणते, "बाई, तुले खाजते तं मी पाला आनतो, तू नुसती धू."

यातलं कोणतं चांगलं, कोणतं वाईट, ते कळवा. मी सगळंच करते. जो जे सांगेल ते करते. त्रास होतो का विचाराल तर होतो, पण दुसऱ्याच कोणाला होत असल्यासारखा वाटतो.

तुमचे भाऊ ठेकेदाराच्या कूपावर, जंगलात लाकूडतोडीला आहेत. आठवड्यातून एकदा येतात. ते बरे आहेत.

तुमची
कमळा

चांदा,
२४ नोव्हेंबर १९५५

चि. सौ. कमळास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी आनंद झाला आणि मग मायचा राग आला. डिंक, तुरटी, लसूण, कडुलिंब, सगळं एकदम. अगं, उद्या खाज गेली तर कोणी पळवली, आणि आग झाली तर कोणी लावली, हे तुला कसं कळणार? आपल्याकडे बाई पोटुशी राहिली की गल्लीतल्या प्रत्येकीला वैदूपण सुचतं. ते तुझ्या अंगावर करून बघायला तू काही सागवानाचा ओंडका नाहीस.

आता नीट वाच. शिळ्या भाकरीवर बुरशी येते ना, तशीच एक बुरशी बाईच्या अंगावर वाढते. गरोदरपणी जास्त वाढते. आमच्याकडे दहा पोटुशा आल्या तर दोघी-तिघींना असतेच. त्यात सत्त्वबित्त्व काही जात नाही. तिनं लेकरू पडत नाही. हे मायला वाचून दाखव.

लसूण आजच्या आज बंद. कातडी भाजते आणि भाजलेल्या जागी खाज दुप्पट होते. तुरटीही बंद, तिनं कातडी सुकून चिरते. डिंकानं बुरशीचं काही वाकडं होत नाही, झाला तर पोटाला बंध होईल. आतमध्ये कुठलंच पाणी, कुठलाच पाला घालायचा नाही, हे काळ्या दगडावरची रेघ समज. सुकरीचा कडुलिंब चालेल, पण बाहेरून धुवायला, कोमट, आणि धुतल्यावर कोरडं पुसायचं. सात दिवस फक्त तेवढंच कर. मग सात दिवस घरचं ताजं गोड दही, तेही बाहेरूनच, अर्धा तास ठेवून धुवायचं. एका वेळी एकच औषध. काय झालं ते मला लिही. इथल्या बायकाही मला हेच विचारतात, त्यांनाही सांगता येईल.

आणि एक. तुझ्या आतल्या चिंध्या, फडकी कुठे वाळवतेस? लुगड्याखाली लपवून, सावलीत, हो ना? सगळ्याच तसं करतात. ओली राहतात आणि बुरशी त्यातच मुक्काम करते. उन्हात वाळव. लोक काय म्हणतील ते म्हणू दे.

मागच्या दोन वेळी मी नागपूरला शिकत होते. मला "गेलं" एवढंच कळलं होतं. कितव्या महिन्यात, आणि लेकरं दिसायला कशी होती, ते जमलं तर लिही. नर्स म्हणून विचारते आहे.

तुझी नणंद
गुणा

धानोरा,
९ डिसेंबर १९५५

गुणाबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "गुणी दोन बुकं शिकली तं मायले शिकवाले लागली." पण लसूण बंद केला. तुरटी त्या पहिले तीन दिवस मला न सांगता पाण्यात टाकत होत्या. चव घेतली तेव्हा कळलं. म्हणून कडुलिंबाचे सात दिवस मी पुन्हा पहिल्यापासून मोजले.

कडुलिंबाचं असं आहे. धुतल्यावर तासभर बरं वाटतं, मग परत तेच. आग होत नाही. पांढरं तेवढंच आहे. दह्याचे आज तीन दिवस झाले. दही गार लागतं, संध्याकाळपर्यंत खाज कमी असते, सकाळी पुन्हा. बरं म्हणता येणार नाही, सुसह्य म्हणता येईल. फडकी उन्हात वाळवायला आमच्या घरी जागा नाही, दारावरून कूपाच्या गाड्या जातात. सुकरी आपल्या झोपडीमागच्या कुडावर टाकून देते. तिच्याकडे त्याची लाज नाही.

लेकरांचं विचारलंत. पहिला मुलगा होता, आठव्यात. दुसरी मुलगी, आठव्याच्या सुरुवातीला. दोघांचंही हलणं आधी थांबलं, मग सहा-सात दिवसांनी बाळंत झाले. दोघंही मेलेलीच निघाली. दाईनं मुलाला हातात घेतलं तेव्हा त्याची कातडी तिच्या बोटांना चिकटून आली. मुलीचंही तसंच. तळहातांवरची, तळपायांवरची सुटलेली होती. पोट फुगलेलं. दाई म्हणाली, अशी लेकरं पाहू नये, पण मी पाहिली. मुलाच्या वेळी रडले. मुलीच्या वेळी रडू आलं नाही. तेव्हापासून येतच नाही. सासूबाईंना वाटतं माझं काळीज दगडाचं आहे. असेल.

आणखी काय लिहू. हे परवा आले होते, काल गेले. तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

कमळा

चांदा,
१४ डिसेंबर १९५५

चि. देवाजी यास,

हे पत्र एकटा असताना वाच आणि वाचून जाळून टाक.

लाकडाच्या टालावर कामाला होतास तेव्हा, सहा वर्षांमागे, तू नागपूरला माझ्याकडे आला होतास. अंगावर घाव होते. मी तुला माझ्या ओळखीनं डॉक्टरांकडे नेलं. गर्मीचा रोग आहे म्हणाले, दहा सुया लिहून दिल्या. पहिल्या दिवशी मी सोबत होते. पुढे तू म्हणालास, पुऱ्या झाल्या. मी विश्वास ठेवला. पुढच्या वर्षी तुझं लग्न झालं.

आता खरं सांग, किती घेतल्या होत्यास?

कमळाची दोन्ही लेकरं कशी निघाली ते तिनं मला लिहिलं आहे. वाचून मला शंका राहिली नाही. घाव सुकले म्हणजे रोग गेला असं नसतं, तो रक्तात राहतो. तुझ्याकडून तिच्यात गेला, तिच्याकडून लेकरांत. तिला कुठे दुखत नाही म्हणून तिला माहीत नाही. ती बिचारी खाजेला दही लावते आहे. खाजेनं तिचं काही जाणार नाही. यानं हे तिसरंही जाईल.

यावर इलाज आहे. तुला आणि तिला दोघांना सुया घ्याव्या लागतील. सातवा महिना लागायच्या आत तिला मिळाल्या तर लेकरू जगेल. तिला घेऊन ताबडतोब चांद्याला ये. नाही आणलंस तर मला तिला सांगावं लागेल.

गुणाबाई

कूप, धानोऱ्याजवळ,
२६ डिसेंबर १९५५

ती. गुणाबाईस देवाजीचा नमस्कार.

चार घेतल्या होत्या. घाव सुकले, इकडे काम लागलं, म्हणून राहिल्या. खोटं बोललो.

तुझे पाय धरतो, तिला लिहू नको. ती माहेरी निघून जाईल. गावात कळलं तर माय विहीर जवळ करील. ठेकेदार संक्रांतीशिवाय सोडत नाही. संक्रांत झाली की मीच तिला चांद्याला आणतो. काहीतरी निमित्त सांगतो. तोपर्यंत तू चूप राहा. एवढं माझ्यासाठी कर.

देवाजी

चांदा,
२९ डिसेंबर १९५५

चि. सौ. कमळास आशीर्वाद.

तुझं पत्र इथे आमच्या मेट्रनबाईंना दाखवलं, म्हणजे दह्याचा भाग. त्या म्हणाल्या, अशी टिपणं आमच्या शिकाऊ पोरी करतील तर मी पेढे वाटीन. तुरटीचं पाणी चाखून पाहणारी गरोदर बाई मी तर पहिल्यांदा ऐकली.

दह्याबद्दल तुझं म्हणणं बरोबर आहे. दही खाज शमवतं, बुरशी मारत नाही. तरी ते सोडू नको, खातही जा. मात्र आंबट झालेलं लावू नको, चुरचुरतं. म्हशीच्या दुधाचं घट्ट असेल तर फडक्यात टांगून पाणी काढून घे, मग पसरतं नीट. लावताना हात स्वच्छ. काही जणी दह्यात हळद कालवतात, काही मध. हळदीनं डाग पडतात आणि उपयोग काही दिसत नाही. मध महाग आणि चिकट, मुंग्या लागतील त्या वेगळ्या. कडुलिंबाचंही तसंच, धुवायला उत्तम, बरं करायला अपुरा. झाडपाला खोटा नसतो गं, पण त्याची धाव किती ते पाहावं लागतं.

म्हणून टपालानं एक बाटली पाठवते आहे. जांभळं औषध. शाईसारखं दिसतं, शाईपेक्षा वाईट डाग पडतात, म्हणून जुनं लुगडं नेस. कापसाच्या बोळ्यानं बाहेरून रोज एकदा, सात दिवस. तेवढे दिवस दही, पाला काही नको. यानं नक्की जाईल. पोटातल्या लेकराला याचा अपाय नाही.

तू त्या दोघांबद्दल लिहिलंस ते वाचलं. वाईट वाटलं. आता ते मनात आणू नको.

देवाजीनं मला लिहिलं आहे, संक्रांत झाली की तो तुला चांद्याला आणणार आहे. एकदा नीट तपासून जा. नुसतं सगळ्या पोटुशांना करतो तसं, रक्तबिक्त. काळजीचं काही नाही. नक्की ये.

गुणाबाई

धानोरा,
१७ जानेवारी १९५६

गुणाबाईंना नमस्कार.

बाटली पोचली. तुम्ही म्हणालात तशीच लावली. तिसऱ्या दिवशी खाज अर्धी झाली, पाचव्या दिवशी गेली. पांढरं आता नाही. माझी बोटं अजून जांभळी आहेत, पाटावरही डाग पडला आहे. तुमच्या टिपणासाठी लिहिते: लसणानं वाढलं, तुरटीनं चिरलं, डिंकानं काही नाही, कडुलिंबानं तासभर, दह्यानं दिवसभर, जांभळ्या औषधानं गेलं. उन्हात वाळवलेल्या फडक्यांनीही फरक पडला असावा, पण ते मी आधीपासून करत होते, म्हणून वेगळं सांगता येत नाही. सुकरीच्या भावजयीला असंच होतं, उरलेलं औषध तिला दिलं. तिलाही गुण आला.

सासूबाईंनी नारळ फोडला. म्हणाल्या, "थांबलं नाई का पांढरं? आता लेकरू कुठी जात नाई." चांद्याला जायचं काम नाही म्हणतात. संक्रांतीला हे आले होते. मी विचारलं, कधी निघायचं. म्हणाले, "आता तं तू बरी झाली, मंग कायले जाता एवढ्या दूर? पुढच्या महिन्यात पाहू." परत कूपावर गेले.

लेकरू हलतं. चांगलं हलतं. मागचीही दोन्ही या महिन्यात अशीच हलत होती.

मी तुमची दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. पहिल्यात तुम्ही लेकरं कशी दिसत होती ते विचारलंत. मी कोणाला सांगितलं नव्हतं ते तुम्हाला लिहिलं. दुसऱ्यात तुम्ही त्यावर तीन वाक्यं लिहिलीत आणि दह्यावर पानभर. मी रागावले नाही, रागावायला होत नाही. पण तुम्हाला एक विचारते. पांढरं थांबलं म्हणजे हे लेकरू राहील ना? हो की नाही तेवढंच लिहा. कसं धुवायचं, काय लावायचं ते नको.

कमळा

चांदा,
२ फेब्रुवारी १९५६

चि. कमळास,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. हे पत्र देवाजीच्या हाती पडलं तर पडो.

नाही. पांढरं थांबल्यानं लेकरू राहत नाही. त्या दोघांना खाजेनं नेलं नाही. त्यांना गर्मीच्या रोगानं नेलं. तो देवाजीला लग्नाआधी होता. मला माहीत होतं. त्याला सुया द्यायला मीच घेऊन गेले होते. त्यानं चार घेतल्या आणि सोडल्या. त्यानं मला पुऱ्या झाल्या म्हणून सांगितलं, आणि मी डॉक्टरांचा कागद पाहायला मागितला नाही, कारण मला पाहायचा नव्हता. मग मी मायसोबत तुला पाहायला आले. मुलगी चांगली आहे असं मीच म्हणाले.

कातडी सुटल्याचं तू लिहिलंस त्या दिवशी मला कळलं. मी देवाजीला लिहिलं. तो म्हणाला संक्रांतीनंतर आणतो, आणि मी मान डोलावली. एकुलता एक भाऊ, मायचं म्हातारपण, घराची अब्रू, सगळं तराजूत घातलं. तुला मात्र त्यात घातलं नाही. तुझ्याशी दह्याच्या गोष्टी करत बसले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं. आणि मला तर रेडा कोण ते ठाऊक होतं.

हे वाचलंस की घरात कोणाला न विचारता नीघ. चांदा लांब पडत असेल तर गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात जा. डॉक्टरांना एवढंच सांग: दोन मेलेली झाली, दोघांची कातडी सुटलेली होती, नवऱ्याला गर्मी होती. ते समजतील. दहा सुया लागतात, एकही सोडायची नाही. तुला सातवा लागला असेल. उशीर झाला आहे, पण गेलेलं नाही. देवाजीलाही घ्याव्या लागतील, नाहीतर तुला परत होईल.

माझी चूक झाली असं लिहिणार होते, पण चूक नकळत होते. हे मी जाणून केलं.

गुणाबाई

धानोरा,
२१ फेब्रुवारी १९५६

गुणाबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र ६ तारखेला आलं. मी आदल्या दिवशीच गडचिरोलीहून दहा सुया घेऊन परतले होते.

झालं असं की २१ जानेवारीला हे कूपावरून आले आणि कोट धुवायला टाकला. आतल्या खिशात तंबाखूच्या पुडीखाली घडी केलेला कागद होता. तुमचं अक्षर मी ओळखते. जाळायला सांगितलं होतंत, जाळला नाही. त्यांना कागद जाळण्याचाही कंटाळा असतो. मी चौकात उभी राहून वाचलं. मग कोट धुतला, पिळला, वाळत घातला. तुमचं दह्याचं पत्र काढून तारीख पाहिली. चौदा डिसेंबर आणि एकोणतीस डिसेंबर.

जेवताना त्यांना म्हटलं, "तुमच्या खिशातलं पत्र मी वाचलं. परवा मी गडचिरोलीला जाऊन राह्यली." त्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "मायले नको सांगू." एवढंच. सासूबाईंना मी सांगितलं की दातांच्या डॉक्टराकडे जाते.

सुकरी सोबत आली. तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमच्यात असं झालं असतं तं पंचाईत बसवली असती. तुमच्यात चूप बसतात." दवाखान्यात मी यांच्या खिशातल्या तुमच्या पत्रात होतं ते जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टरांनी रक्त काढून नागपूरला पाठवलं, पण म्हणाले, उत्तराची वाट पाहत नाही, आजपासूनच सुरू करू. धर्मशाळेत राहिलो. रोज एक सुई. दुखते, पण ते दुखणं माझंच आहे असं वाटत होतं. किती दिवसांनी.

तिसऱ्या दिवशी हे आले. मी बोलावलं नव्हतं. बाकावर माझ्या शेजारी बसले, नंबर आला तेव्हा उठून गेले. त्यांच्या दहा झाल्याशिवाय मी त्यांना धानोऱ्याला येऊ दिलं नाही. कार्डावर डॉक्टरांची सही आहे, मी पाहिली. नागपूरचं उत्तरही आलं. रोग होता.

लेकरू हलतं आहे. रोज मोजते.

तुम्ही लिहिलंत ते खरं लिहिलंत. उशिरा लिहिलंत. माझ्या मनात तुमच्याबद्दल काय आहे ते मी शोधते आहे, अजून सापडत नाही.

कमळा

चांदा,
५ मे १९५६

माझ्या लाडक्या कमळास अनेक आशीर्वाद.

देवाजीचं कार्ड काल आलं. ३० तारखेला, सोमवारी, मुलगी झाली, दोघी सुखरूप. वॉर्डात सगळ्यांना साखर वाटली. मेट्रनबाई म्हणाल्या, गुणाबाई, तुम्ही रडता कशाला. मी म्हटलं, भाची झाली म्हणून.

वजन केलंय का? दूध ओढते का? कातडी कशी आहे? तिचंही रक्त एकदा पाहावं लागेल. ते मी इथे करवून घेईन, पण आता नको, तू आधी अंग धरू दे.

११ तारखेला बारावा दिवस येतो. मी रजा सांगून ठेवली आहे. दोन झबली शिवली, एक कुंची शिवली. आत्याचा मान आहे, कानात नाव मीच सांगणार. तीन नावं काढली आहेत, त्यातलं तुला आवडेल ते. मधल्या दिवसांत मी तुला कसं तोंड दाखवू हाच विचार करत होते. आता या निमित्तानं येते. तुझं एक कार्ड आलं की निघते. तुझ्या होकाराशिवाय निघणार नाही.

तुझी वाट पाहणारी
गुणाबाई

धानोरा,
१४ मे १९५६

गुणाबाईंना कमळाचा नमस्कार.

तुमचं पत्र ७ तारखेला मिळालं. उत्तर त्याच दिवशी पाठवता आलं असतं. मी पाठवलं नाही.

मुलगी चांगली आहे. दूध ओढते, रात्री-दिवसा रडते. तिचे तळहात आणि तळपाय मी रोज उजेडात धरून पाहते. कातडी घट्ट आहे. परवा पाहता पाहता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिच्या पायावर पडलं. सुकरीनं पाहिलं, फडकं आणून दिलं. तिचं रक्त गडचिरोलीला दाखवून घेणार आहे. ते मी करीन, तुम्ही काळजी करू नका. सासूबाई अजून शेजारणींना सांगतात की पांढरं थांबलं म्हणून नात वाचली. सांगू दे.

बारसं ११ तारखेला झालं. सासूबाई दारात बसून होत्या, "गुणी येईल, आत्यानं नाव ठेवावं लागते." दुपारपर्यंत वाट पाहिली त्यांनी. मग मी सुकरीला आत बोलावलं आणि तिच्या मांडीवर मुलगी दिली. हे खाली पाहत राहिले. सासूबाई उठून मागच्या अंगणात गेल्या. सुकरी म्हणाली, "आमच्यात जो वार त्याचं नाव. सोमवारची आहे, सोमारी म्हनतो." मी म्हटलं म्हण. तिनं वाकून कानात सांगितलं.

आत्याचा मान असतो हे मला माहीत आहे. तुमच्या औषधानं मला बरं वाटलं होतं, तेही मी विसरले नाही. तुमच्यावर आता मला राग आहे. तो आला याचं मला बरं वाटतं, म्हणून तुम्हाला कळवते. पण ज्या गोष्टीवर माझ्या लेकीचा जीव होता ती तुम्ही पन्नास दिवस तोंडात धरून बसलात. तिच्या कानात पहिलं बोलणं तुमचं नको, असं मी ठरवलं.

झबली पाठवा, ती अंगात घालीन. तुम्हाला यायचं असेल तर या. दार बंद नाही. मुलगी तुमच्या मांडीवर देईन. तिचं नाव सोमारी आहे, त्याच नावानं हाक मारा.

कमळा